झोपेच्या सप्लिमेंटचे सहा डबे झाले, सातवा कुठला घेऊ?

अर्धवट_जागा | रात्री २:५१

मंडळी, वेळ बघून कळलंच असेल धागा कशावर आहे.

गेले ११ महिने झोपेची बोंब आहे. अंथरुणावर पडलो की दीड-दोन तास टक्क जागा, मग कधीतरी डोळा लागतो, तीनला पुन्हा जाग, मग या कुशीवरून त्या कुशीवर करत पहाट. आणि दिवसभर डोळ्यांवर झापड. सुरुवात झाली ऑफिसातल्या एका घाणेरड्या काळात, तो काळ संपून सात महिने झाले, माणसं बदलली, बॉस बदलला, झोप काही परत आली नाही.

आतापर्यंत काय काय केलं: मेलाटोनिन (अंधार पडल्यावर शरीर सोडतं त्या द्रव्याची गोळी) ३ मिग्रॅ. पहिला आठवडा स्वर्ग, मग ठणठणाट. मग ५. मग १०. दहानं सकाळी डोक्यात कापूस भरल्यासारखं आणि रात्री अशी स्वप्नं की विचारू नका, एकदा मी पोहत पोहत गणिताचा पेपर सोडवत होतो आणि पुरवणी भिजली म्हणून रडत होतो. मग मॅग्नेशियम ग्लायसिनेट. मग अश्वगंधा, मग एल-थिअनिन, मग एक कसलंतरी 'कॉम्प्लेक्स' ज्यात सगळंच थोडं थोडं आहे. मग व्हॅलेरियन नावाची मुळी, त्याचा डबा उघडला की कपाटात कुणीतरी ओले मोजे विसरून गेल्यासारखा वास येतो. सध्या उशाशी सहा डबे आहेत, रात्री नऊपासून गजर लावून क्रमानं घेतो.

प्रश्न साधा आहे. सातवा कुठला घेऊ? ग्लायसिन? की मेलाटोनिनचे १० चे २० करू? डॉक्टरांच्या झोपेच्या गोळ्या नकोत, सवय लागते म्हणतात. काहीतरी नॅचरल सांगा.

बोकोबा | रात्री २:५८

मला उपाय माहीत असता तर हा प्रतिसाद सकाळी आला असता.

तिरकस | सकाळी ७:१२

गजर लावून सहा डबे? अहो तुमची झोप गेली नाहीये, तुम्हाला दुसरी शिफ्ट लागलीये. (हलके घ्या.)

सांजसावली | सकाळी ८:०५

मला मेलाटोनिननं खरंच फरक पडला म्हणून लिहिते, नाहीतर इथे आता सगळे मिळून त्याला झोडपतील. पण माझं दुखणं वेगळं होतं. मला झोप छान लागायची, फक्त पहाटे साडेतीनला लागायची आणि मग अकरापर्यंत घोरत पडायचे. कॉलेजपासून असंच. घरचे आळशी म्हणायचे. पुढे एका झोपेच्या डॉक्टरांनी सांगितलं की तुमचं घड्याळच पुढे सरकलंय. त्यांनी अर्धा मिग्रॅ दिलं, तेही झोपताना नाही, झोपेच्या वेळेच्या पाच तास आधी. आणि सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास उजेडात बसायचं. दोन महिन्यांत साडेबारावर आले.

अर्धा मिग्रॅ बरं का. दहा नाही.

पिंगळा | सकाळी ९:४०

सांजसावली यांचा प्रतिसाद अगदी मोक्याचा आहे, तिथूनच सुरू करतो. मी डॉक्टर आहे पण झोपेचा तज्ज्ञ नाही, त्यामुळे हा सल्ला समजू नका, गप्पा समजा.

मेलाटोनिनला लोक झोपेचं औषध समजतात. ते घड्याळाचं औषध आहे. १९५८ साली येल विद्यापीठात ॲरन लर्नर नावाच्या त्वचारोगतज्ज्ञानं ते गायींच्या मेंदूतल्या पिनिअल ग्रंथींमधून वेगळं काढलं, आणि तो शोधत होता काय, तर त्वचेच्या रंगावर परिणाम करणारं द्रव्य. झोपेशी त्याचं देणंघेणं नव्हतं. अंधार पडला की ही ग्रंथी मेलाटोनिन सोडते आणि शरीराला दवंडी पिटते की रात्र झाली हो. पण दवंडी पिटणारा काही घरात शिरून तुम्हाला झोपवत नाही.

म्हणून जिथे घड्याळच चुकलंय तिथे ते चालतं. उदा. सांजसावली, किंवा पाचेक टाइम झोन ओलांडणारे विमानप्रवासी. जिथे घड्याळ ठीक आहे आणि माणूस अंथरुणात जागा आहे, तिथे फार थोडं. २०१३ मध्ये १९ चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला होता, बनावट गोळीच्या तुलनेत मेलाटोनिननं झोप सरासरी ७ मिनिटं लवकर लागली आणि एकूण झोप ८ मिनिटांनी वाढली. दीड-दोन तास जागणाऱ्याला सात मिनिटं म्हणजे समुद्राला ओंजळ.

आणि तीनला येणारी जाग. साध्या गोळीतलं मेलाटोनिन तासाभरात रक्तातून निम्मं होतं. दहाला घेतलेल्या गोळीनं तीनला काय करावं अशी अपेक्षा आहे? डोस वाढवला की ते जास्त वेळ उरतं खरं, पण उरतं ते सकाळी. तो तुमचा कापूस.

अर्धवट_जागा | सकाळी १०:०२

म्हणजे १० चे २० करून उपयोग नाही?

पिंगळा | सकाळी १०:१५

नाही. एमआयटीतल्या एका गटानं २००१ मध्ये पन्नाशीपुढच्या लोकांत ०.१, ०.३ आणि ३ मिग्रॅ अशी तुलना केली होती. निद्रानाश असलेल्यांत सगळ्यात चांगला परिणाम ०.३ चा दिसला. ३ नं अंगाचं तापमान उतरलं आणि मेलाटोनिन दिवसा पण रक्तात राहिलं. दवंडीवाल्यानं कानात ओरडलं म्हणून रात्र जास्त होत नाही.

उंटावरचा_शहाणा | सकाळी ११:३०

'नॅचरल' या शब्दावर माझा जुना राग आहे. धोतरा पण नॅचरल आहे.

डब्यावर जे लिहिलंय ते आत असतं हे गृहीत कशाच्या जोरावर धरायचं? २०१७ मध्ये कॅनडात ३१ मेलाटोनिन उत्पादनं तपासली. एकात छापलेल्यापेक्षा ८३ टक्के कमी, एकात ४७८ टक्के जास्त. आणि ८ उत्पादनांमध्ये सेरोटोनिन हे मेंदूवर परिणाम करणारं रसायन सापडलं, जे लेबलवर कुठेच नव्हतं. २०२३ मध्ये अमेरिकेत मेलाटोनिनच्या २५ गमीज (चघळायच्या गोळ्या) तपासल्या, त्यातल्या २२ चं लेबल चुकीचं, एकीत तर मेलाटोनिनच नाही. म्हणजे धागाकर्ते म्हणतायत मी ३ वरून १० वर गेलो, ते खरंच गेले का हे कुणालाच माहीत नाही. कदाचित १० चा डबा २ चा असेल. कदाचित ३ चा १२ चा.

अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानंतर सप्लिमेंट विकण्याआधी ते गुणकारी आहे हे सिद्ध करावं लागत नाही. औषधाला परीक्षा, सप्लिमेंटला नुसती हजेरी. आणि १९८९ ची एल-ट्रिप्टोफॅनची भानगड आठवते का कुणाला? तेही झोपेसाठी 'साधं अमिनो ॲसिड' म्हणून खपायचं. एका उत्पादकाच्या मालातल्या भेसळीशी जोडला गेलेला स्नायूंचा भयंकर आजार झाला, हजारावर माणसं आजारी पडली, काही गेली.

ठोकळा | दुपारी १२:१०

सगळं मान्य, पण मला एक सांगा. मी रोज मॅग्नेशियम घेतो, झोप छान लागते. प्लासिबो (बनावट गोळीचा गुण) तर प्लासिबो. झोप लागल्याशी मतलब. कशाला लोकांच्या सुखात बिब्बा घालायचा?

तिरकस | दुपारी १२:२२

मॅग्नेशियमचा अजून एक खात्रीशीर परिणाम आहे, तो सकाळी सकाळी कळतो.

ठोकळा | दुपारी १२:३१

तो ऑक्साइडचा. ग्लायसिनेटनं नाही होत फारसं. मी दोन्ही करून बसलोय. अक्षरशः.

पिंगळा | दुपारी २:४५

@ठोकळा, तुमचा मुद्दा हसण्यावारी न्यायचा नाही. निद्रानाशात बनावट गोळीनं पण लोकांना बरं वाटतं, चांगलंच बरं वाटतं. मॅग्नेशियमबद्दल पुरावा अगदी तोकडा आहे, वयस्कर लोकांवरच्या तीनच चाचण्या एकत्र केलेला एक आढावा आहे २०२१ चा, सगळी मिळून १५१ माणसं, झोप १७ मिनिटं लवकर लागली, पण लिहिणाऱ्यांनीच पुरावा हलक्या दर्जाचा म्हटलंय. मूत्रपिंडं ठणठणीत असतील तर माफक मॅग्नेशियमनं सहसा बिघडत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र विचारल्याशिवाय हात लावू नये. तुमचं चाललंय, चालू द्या.

पण ज्याचं चालत नाही त्याच्या बाबतीत प्लासिबो उलटा फिरतो. पहिला आठवडा स्वर्ग, मग ठणठणाट, मग नवा डबा, पुन्हा पहिला आठवडा स्वर्ग. धागाकर्त्यांचे सहा डबे म्हणजे सहा पहिले आठवडे आहेत.

मनीमाऊ | दुपारी ३:१०

'सहा डबे म्हणजे सहा पहिले आठवडे' 👏👏

निवांत_आजी | दुपारी ४:२०

बाळांनो, माझं वय ७१. मला कुणीतरी सांगितलं की सर्दीची जुनी गोळी घे, मस्त झोप येते, सगळीकडे मिळते. घेतली. चार दिवस आली झोप. पाचव्या दिवसापासून झोप नाही, नुसती गुंगी. तोंडाला कोरड. रात्री बाथरूमला उठले तर दार कुठे आहे ते कळेना, स्वतःच्या घरात. भिंतीला धरून उभी राहिले आणि लेकीला हाक मारली. ती घाबरली तेवढी मी पण नाही घाबरले. डॉक्टर म्हणाले आजी ही गोळी तुमच्या वयात डोक्यात धुकं आणते, पुन्हा घ्यायची नाही. साधी गोळी म्हणून कुणीही उठून घेऊ नका रे.

पिंगळा | दुपारी ४:५०

आजी, अगदी बरोबर. तुम्ही घेतलीत ती बहुतेक डायफेनहायड्रामिन किंवा त्याच जातीतली. तिची गुंगी आणण्याची ताकद तीन-चार दिवसांत ओसरते, तोंडाची कोरड आणि गोंधळ मात्र राहतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत निद्रानाशासाठी हे वापरू नका असंच सुचवलंय. त्याच यादीत मेलाटोनिन, व्हॅलेरियन आणि ट्रिप्टोफॅन पण आहेत.

चष्मेबद्दूर | संध्या. ५:३५

अवांतर: माझं मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी मला झोपेचे मार्क देतं. काल ५८. मी चांगली ताजीतवानी उठले होते, ५८ बघितल्यावर दिवसभर दमलेली.

मनीमाऊ | संध्या. ५:५२

@चष्मेबद्दूर याला नाव आहे! ऑर्थोसोम्निया. २०१७ मध्ये काही संशोधकांनी पाडलेला शब्द, ट्रॅकरचे आकडे परफेक्ट करायच्या नादात झोप घालवणं. मला हे माझ्या थेरपिस्टनं सांगितलं आणि घड्याळ काढायला लावलं. दोन दिवस मनगटावरचा पांढरा पट्टा बघून चुकल्यासारखं वाटत होतं.

तिरकस | संध्या. ६:०१

आमच्या ह्यांचं घड्याळ म्हणतं ते आठ तास गाढ झोपतात. ते मला न विचारता सांगता येतं, आवाजावरून.

पिंगळा | संध्या. ६:३०

@तिरकस, विनोद बाजूला. जोरात घोरतात, मध्येच आवाज बंद पडून मग धाप लागल्यासारखा श्वास घेतात का? दिवसा पेंगतात? असेल तर स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास अडण्याची) तपासणी करून घ्या. तिथे कुठलाच डबा कामाचा नाही, श्वासनलिका मोकळी राहणं हाच उपाय.

तिरकस | संध्या. ६:४१

...मध्येच बंद पडतो हो आवाज. मला वाटायचं देवानं ऐकलं माझं. नंबर लावते डॉक्टरांकडे.

रेशमी_धागा | संध्या. ७:१५

मी पण एक वर्ष मेलाटोनिन, अश्वगंधा सगळं केलं. माझं निघालं काय, तर लोह. रात्री पडलं की पायात मुंग्या सरसरल्यासारखं व्हायचं, पाय हलवल्याशिवाय राहवायचं नाही, सगळे म्हणायचे थकवा आहे. रक्तात फेरिटिन (लोहाचा साठा) तपासलं तर तळाला. लोह सुरू केल्यावर दीड-दोन महिन्यांत पाय शांत झाले. तेव्हा सातवा डबा घेण्याआधी एक रक्ततपासणी.

अर्धवट_जागा | रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. पण खरं सांगू का, थोडा वैतागलोय. घोरत नाही (बायकोला विचारलं), पाय वळवळत नाहीत, थायरॉइड-फेरिटिन तीन महिन्यांपूर्वीच केलंय, नॉर्मल. हे नको, ते नको, मग करू काय? रात्री तीनला ७ मिनिटांची आकडेवारी उशाला घेऊन झोपू? निदान डबे घेतले की वाटतं काहीतरी करतोय.

खिडकी_सीट | रात्री १०:०५

'निदान काहीतरी करतोय'. हे वाक्य मी दोन वर्षं रोज म्हणत होते, म्हणून आज लॉगिन केलं, एरवी वाचनमात्र असते. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझ्याकडे पाच डबे होते. शेवटी एका समुपदेशक ताईंकडे सीबीटी-आय केलं, म्हणजे गोळीशिवाय, सवयी आणि विचार बदलून निद्रानाशावर करायचा उपचार. नाव भारदस्त आहे, करायचं ते अगदी कोरडं आहे. आधी दोन आठवडे वही. किती वाजता पडले, अंदाजे कधी लागली, किती वेळा उठले, शेवटी कधी उठले. घड्याळाकडे बघायचं नाही, सकाळी अंदाजानं लिहायचं. माझा हिशेब निघाला: अंथरुणात ९ तास, झोप ५ तास ३५ मिनिटं. ६२ टक्के. ताई म्हणाल्या, तुम्ही साडेपाच तासांची झोप नऊ तासांच्या गादीवर पसरताय, मग भोकं पडणारच.

त्यांनी मला एक चित्र काढून दाखवलं. झोपेला दोन गोष्टी लागतात, एक घड्याळ आणि दुसरा दाब. बोर्बेली म्हणून शास्त्रज्ञानं १९८२ मध्ये मांडलेलं. दाब जागं राहिल्यानंच साठतो, भूक कशी उपाशी राहिल्यानं साठते तशी. तो डब्यात मिळत नाही. मी दहालाच गादीवर पडायचे, सकाळी सातपर्यंत लोळायचे, दुपारी डुलकी काढायचे, म्हणजे दिवसभर चरून रात्री भूक लागत नाही म्हणून रडायचे.

मग नियम आला. रात्री साडेबारा ते सव्वासहा. त्याआधी गादीवर जायचं नाही, त्यानंतर गादीवर राहायचं नाही, रविवारी पण नाही. आणि गादीवर पडून साधारण वीसेक मिनिटं झाली असं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत जायचं, पेंग आली की परत. पहिला आठवडा मी त्या ताईंना मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. पावणेबाराला मी स्वयंपाकघरात उभ्यानं पेंगत होते आणि झोपायला परवानगी नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा अशी स्थिती की झोप माझ्या मागे लागलीय आणि मी पळतेय.

मध्यरात्री उठायच्या वेळेसाठी मी बटणांचा डबा काढून ठेवला होता. जुन्या कपड्यांची काढून ठेवलेली बटणं. दोन भोकांची एका बाजूला, चार भोकांची दुसरीकडे. फार रस वाटणार नाही आणि अगदी नको पण होणार नाही असं काहीतरी लागतं. मोबाइल नाही. एका रात्री मी तीनदा उठून सगळी बटणं लावली, तिसऱ्यांदा रंगानुसार.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी झोप सलग झाली. ८५ टक्क्यांवर गेली की पंधरा मिनिटं वाढवायची. आता पावणेअकरा ते सहावर आहे, अधूनमधून एखादी रात्र जातेच, पण तिची दहशत गेली.

डब्यांचं काय झालं? कुणी बंद करायला लावले नाहीत. फक्त ताईंनी विचारलं, रोज रात्री गोळी उचलताना तुम्ही स्वतःला काय सांगता? मी म्हटलं, काहीच नाही. मग त्या रात्री लक्ष दिलं. मी सांगत होते की हिच्याशिवाय तुला जमणार नाही. पाच गोळ्या, रोज पाचदा.

मनीमाऊ | रात्री १०:२२

वाचनखूण साठवली. बटणांसाठी +१

ठोकळा | रात्री १०:४०

हे वाचायला छान आहे हो, पण ज्याला सकाळी गाडी चालवत कामाला जायचंय त्यानं पाच-साडेपाच तास झोपून अपघात करायचा का? आणि अशा 'ताई' सगळ्यांना कुठून मिळणार? डबा दारात येतो. म्हणून डबा खपतो.

खिडकी_सीट | रात्री १०:५५

गाडीचा मुद्दा शंभर टक्के. मला पहिले तीन आठवडे गाडी चालवायला मनाई होती. आणि फिट्स येणारे, बायपोलरचा त्रास असलेले यांनी तर हे स्वतःच्या मनानं करायचंच नाही, हे मला लेखी दिलं होतं. पाच तासांच्या खाली पण कुणी जायचं नाही.

पिंगळा | रात्री ११:१०

@ठोकळा, दुसरा मुद्दा कळीचा आहे आणि त्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्येच सांगितलंय की प्रौढांच्या जुनाट निद्रानाशात पहिला उपचार सीबीटी-आय. आमच्याकडे पेशंटला देण्यासाठी चार मिनिटं असतात, त्यात सहा आठवड्यांची वही कशी बसवायची? गोळी लिहिणं सोपं पडतं. हे माझ्याच जमातीबद्दल बोलतोय.

धागाकर्त्यांसाठी अजून एक. आर्थर स्पीलमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं निद्रानाशाचे तीन भाग पाडले होते: मुळातला स्वभाव, सुरुवात करून देणारा धक्का, आणि धक्का संपल्यावरही दुखणं चालू ठेवणाऱ्या सवयी. तुमचा बॉस हा धक्का होता. तो गेला. आता जे चाललंय ते तिसरं. लवकर आडवं होणं, उशिरा उठणं, घड्याळ बघणं, आणि नऊपासूनचे गजर. सप्लिमेंट यातल्या कशालाच हात लावत नाही, उलट तिसऱ्या यादीत स्वतःच जाऊन बसतं.

आणि सहाही डबे एका दमात सुरू ठेवू नका, आणखी घालू तर अजिबात नका. 'कॉम्प्लेक्स' आणि सुटे डबे मिळून एकच गोष्ट दोनदा पोटात जातेय का बघा. अश्वगंधेनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि थायरॉइडवर पण ती परिणाम करू शकते. डबे पिशवीत भरून तुमच्या डॉक्टरांच्या टेबलावर ओता. लोक औषधं सांगतात, सप्लिमेंट सांगत नाहीत, कारण ती 'औषधं नाहीत'.

उंटावरचा_शहाणा | रात्री ११:२५

रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मेलाटोनिनच्या बाबतीत पण हेच. न विचारता नको.

बोकोबा | रात्री ३:०४

सगळा धागा वाचला. वीस मिनिटं होऊन गेली. उठतो.

अर्धवट_जागा | २६ दिवसांनी, सकाळी ११:४८

धागा वर काढतोय, कारण अर्धवट सोडून गेलो होतो (आयडीला जागलो).

पिशवी ओतली. डॉक्टर हसले नाहीत, चष्मा लावून एकेक डबा वाचला. कॉम्प्लेक्समध्ये अश्वगंधा, मॅग्नेशियम, मेलाटोनिन तिन्ही निघाली, म्हणजे पिंगळासाहेब म्हणाले तेच, दुहेरी भरणा. एकेक करून कमी करायला सांगितलं. आता फक्त मॅग्नेशियम उरलंय, ते पण विसरलो तर विसरलो.

वही लिहिली. रात्री पावणेदहा ते सकाळी साडेसात गादीवर, म्हणजे पावणेदहा तास, झोप सरासरी ५ तास ५० मिनिटं. ६० टक्के. खिडकी_सीट यांच्यापेक्षा पण नापास. आणि वहीत एक गोष्ट सापडली जी मला अकरा महिन्यांत दिसली नव्हती. ज्या चार रात्री मी सोफ्यावर टीव्ही बघता बघता आडवा झालो, त्या चारही रात्री झोप लागली. टीव्ही चालू, दिवा चालू, मानेखाली रिमोट. बायकोनं उठवून गादीवर पाठवलं की टक्क जागा. म्हणजे मला झोपता येतंय. फक्त झोपायला गेलं की येत नाहीये.

समुपदेशक मिळाल्या, ऑनलाइन, दोन आठवडे वाट बघून. बारा ते सहा दिलंय. आज नववा दिवस. सांगायला चमत्कार काही नाही, परवा ऑफिसात मीटिंगमध्ये डोकं टेबलाला टेकता टेकता राहिलं, कॉफी दुपारी बारानंतर बंद आहे त्यामुळे सगळ्यांवर खेकसतोय, बायको म्हणते आधीच बरा होतास. गाडी तिच्या ताब्यात दिलीय. पण काल लागली ती साडेपाचला उघडली. मध्ये काय झालं आठवत नाही, आणि न आठवण्याची ही मजा मी विसरलोच होतो.

सांजसावली | दुपारी १२:०३

अरे वा!! प्रतिसाद दिवसा आलाय, यातच काय ते आलं.

ठोकळा | दुपारी १२:२०

मॅग्नेशियम ठेवलंत ना. बास, मी जिंकलो.

निवांत_आजी | दुपारी १:१५

छान झालं बाळा. बायकोवर मात्र खेकसू नकोस, गाडी तिच्याकडे आहे.

तिरकस | दुपारी २:०२

आमच्या ह्यांची तपासणी झाली. ॲप्नियाच निघाला, तोही मध्यम. श्वासनलिका मोकळी ठेवणारं मशीन लागलंय. आता घर इतकं शांत आहे की मला झोप येत नाहीये. नवा धागा काढू का?

अर्धवट_जागा | रात्री ९:४०

@खिडकी_सीट, एक तांत्रिक शंका. रात्री उठून बटणं लावून संपली की काय करायचं? आमच्याकडे बटणं कमी आहेत. परवा दुसऱ्या फेरीत संपली आणि मग मी नुसता बसून फ्रिजचा आवाज ऐकत होतो.

खिडकी_सीट | रात्री ९:५८

घरात लोकर आहे का? गुंता सोडवायला घ्या. सुटला तर दुसऱ्या दिवशी दुपारी घरच्यांकडून पुन्हा करून घ्यायचा, मुलं फार मन लावून करतात.

बोकोबा | रात्री ३:११

इअरफोनच्या वायरी चालतील का